पावणीकाकी आणि फलकावरची मोकळी जागा

सन २०२२. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि माझी चुलती नव्वदीच्या घरात. लग्न होऊन ती आमच्या घरात आली त्याला तोवर कैक वर्षं उलटली होती, पण काहीही विचारलं की तिचं एकच उत्तर, "मला काय इचारतासा? मी पावणी हाय." म्हणून सगळं गाव तिला पावणीकाकी म्हणायचं.

ह्या पावणीपणाच्या जोरावर तिनं घर चालवलं. मटण शिजलं की नळी पाहुण्याला जाते, म्हणून नळी कायम काकीच्या ताटात. जमिनीच्या वाटणीवेळी आम्ही भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेलो, तेव्हा ती जोत्यावर बसून म्हणाली, "मी पावणी, मला त्यातलं काय कळतंय? पर हिरीकडचा तुकडा थोरल्याला द्या." तिला काही कळत नसूनही वाटणी तशीच झाली. थोरला मी नव्हतो, हे इथं लिहून ठेवतो.

त्या वर्षी भावकीनं जत्रेआधी देवळात वंशावळीचा फलक लावायचं ठरवलं. माझी शाळा तिसरीत सुटली, पण बैठकीत माझ्यापुढं कोण बोलत नाही. मी ठोकून दिलं, "बायकांच्या जागी नुसतं 'सौ.' चालणार न्हाय. प्रत्येकीचं माहेरचं नाव आडनावासकट पाहिजे. एक जरी जागा मोकळी राहिली, तर मी देवळाची पायरी चढणार न्हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. सगळी नावं गोळा झाली आणि मोकळी राहिली ती माझ्याच घरातली जागा, काकीची.

काका कधीच गेलेला. काकीला मूलबाळ नाही, आणि तिच्या माहेरचं माणूस येताना मी तरी पाहिलं नाही. आधार कार्डावर नाव शेवंता, पुढं आमचंच आडनाव. तिला विचारलं तर गालात हसायची. मी म्हटलं, तुझ्यावाचून माझं अडत नाही. गाव एवढं ठाऊक होतं, राधानगरीच्या पुढची एक वाडी. धरली एसटी आणि भर पावसात तिथल्या पारावर जाऊन उभा राहिलो.

"तुमच्या गावची शेवंता आमच्यात दिलीया. कंच्या घरातली?"

"शेवंता? ह्या गावात शेवंता झालीच न्हाय, पावणं."

"असं कसं? माझी चुलती हाय."

"मग तिलाच इचारायचं की. एवढं भिजत कशाला आलासा?"

त्यांनी चहा पाजला आणि निघताना एकानं काळजीनं विचारलं, घरी एकटं जायला जमेल ना म्हणून.

परत आलो तर काकी उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेली. "भेटली व्हय शेवंता?" मी भिजलेली टोपी पिळली. "तिथं कुठनं भेटंल? तांदळात अंगठीनं ते नाव तुझ्या काकानं लिवलं. माझ्या गावात ते कुणाला ठावं?" लग्नात नवरीचं नाव बदलतात हे मला काय ठाऊक नव्हतं? स्वतःच्या लग्नात मीही तांदळात बोट घातलेलं. पण इतकी वर्षं तिला शेवंता ऐकून मला वाटलेलं, ती जन्मलीच शेवंता.

"मग पयलं नाव सांग."

"पावण्याला नावगाव आल्या आल्या इचारत्यात, बाळू. तू आता जायच्या टायमाला इचारतोस. इचारायचं तर रीतीनं इचार. पायावर पाणी दे, गूळ दे, मग इचार."

मी घरचा कर्ता पुरुष, आणि चुलतीच्या पायावर पाणी घालू? नाही घातलं. जत्रा जवळ आली. पेंटरचा फोन आला, "आबा, ती जागा मोकळीच सोडू काय? का नुसतं शेवंता लिहू?" त्या संध्याकाळी मी तांब्या उचलला.

काकी काठी टेकत फाटकापर्यंत गेली आणि तिथून नव्यानं आल्यासारखी दारात आली. मी पाणी घातलं. "लई गार हाय," म्हणाली. गूळ दिला. "एवढाच?" म्हणाली. माझी बायको पदर तोंडात कोंबून खांबाआड उभी होती. मी घोंगड्यावर बसवून विचारलं, "पावणं, नाव काय तुमचं? कुणाच्या तुम्ही?"

काकीचं हसू थांबलं. हातातला गूळ तिनं खाली ठेवला.

"गोदा," ती म्हणाली. "गोदा ज्ञानू चौगले." मग हळूच म्हणाली, "लई दिसांनी तोंडात आलं."

काकी त्याच वर्षी थंडीत गेली. त्याआधी फलक बघून घेतला, वाचता येत नसताना "अक्षर बरं हाय" असा शेरा दिला.

पण गूळ-पाणी दिलं त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरकडं निघायच्या आधी मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. बायको चहा करत होती. लग्नापासून मी तिला 'अगं' म्हणत आलोय. तिचं माहेरचं नाव भावकीला मीच ऐटीत सांगितलेलं, तिला मात्र कधी ऐकवलं नव्हतं. घसा साफ केला आणि हाक मारली, "हौसा."

तिचा हात थांबला, पण ती वळली नाही. "परत म्हणा."

"ऐकू आलं न्हाय व्हय?"

"आलं की. परत म्हणा."

परत म्हणालो. तेवढ्यात चहा उतू गेला. तो मीच पुसला.