आईच्या वळणावर

मिरजेहून बदलून आलेले ड्राफ्ट्समन दिगंबरराव चंदिगडात रुळले, पण सेक्टरांशी त्यांचं कधी जमलं नाही. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते ऑफिसातून आले, बूट काढले, "पाणी आण गं" म्हणत खुर्चीत टेकले, आणि पाणी घेऊन आल्या शेजारच्या सोढीबाई. "भाईसाहब, आपका घर बगल में है जी!"

सरकारी क्वार्टर्स म्हणजे एकाच साच्यातले मोदक. हा घोटाळा रांगेतल्या प्रत्येकाने केलेला. सगळे हसले. दिगंबररावांना हसू येईना. त्यांचे वडील बावन्नाव्या वर्षी स्वतःच्या घराचा रस्ता विसरले होते, आत्याही पन्नाशीतच. आणि यांना आता पन्नास.

"काहीतरीच!" रत्नप्रभाबाईंनी नवऱ्याला झटकलं. "तुम्ही आईच्या वळणावर गेलात. नाक बघा, रंग बघा. मामंजींचं काही उतरलंय का तुमच्यात?" याच भरवशावर घर इतकी वर्षं निर्धास्त होतं.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तो भरवसा मोडला. "नाक आईचं आलं, म्हणून मेंदूही आईचाच आला असं नसतं." म्हातारपणी विसरणारे पुष्कळ, तिथे वय हेच मोठं कारण. पण पन्नाशीतच गाठणारा अल्झायमर थोड्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, आणि तिथे आजारी माणसाच्या प्रत्येक मुलाला धोका निम्मा. "आज तुम्ही ठणठणीत आहात. उद्याचं सांगणारी तपासणी नाही."

मुलीचं, उल्काचं, लग्न जमत आलेलं. "तिकडे चकार शब्द काढू नका," रत्नप्रभाबाईंनी बजावलं. दिगंबररावांनी आधी उल्कालाच सांगितलं.

"मतलब, मुझे भी?"

"मला असेल तर. मग तुला निम्मा."

उल्का बी.एस्सी. झालेली. "आपका आधा, उसका आधा. पाव हिस्सा हुआ, पापा. बता दो उनको."

मुलाचे वडील कृष्णकांतराव हवाई दलातले, शिस्तीचे. ऐकून म्हणाले, "दोनेक वर्षं थांबू या. तोवर तुमचं काय ते कळेलच."

"अंकल, रिश्ता मुझसे है या पापा की बीमारी से?" उल्काने विचारलं. स्थळ गेलं. रत्नप्रभाबाईंनी आठवडाभर अबोला धरला.

पुढच्या मुलाला, नंदकुमारला, उल्काने पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पाऊण भाग ठीकच की."

ऐंशीत लग्न झालं. दिगंबरराव मांडवात एकेका पाहुण्याला नावाने हाक मारत होते, आणि रत्नप्रभाबाई प्रत्येक नावापाशी श्वास रोखून उभ्या होत्या.