हेस्टरचं रिकामं काडतूस

आमच्या लिंपोपोकाठच्या शेतावर रानरेड्याच्या शिकारीला येणारा प्रत्येक पाहुणा तोफेएवढी बंदूक घेऊनच उतरतो. माझी बायको हेस्टर त्याला आधी लांबच्या डब्यावर तीन बार काढायला लावते, मगच जंगलात सोडते.

काल प्रिटोरियाचा एक दंतवैद्य आला, लोरेन्स. "मावशी, चारशे अठ्ठावनची रायफल आणलीय. रेडा जागच्या जागी गार."

"खांद्याला विचारलंस का?" हेस्टर म्हणाली.

दोन बार झाले, डबा ढिम्म. तिसरं काडतूस तिने स्वतः भरलं. त्यात दारूच नव्हती. चाप ओढल्यावर नुसतं खट् झालं, पण धक्क्याच्या धास्तीने लोरेन्सने डोळे गच्च मिटले, अंग मागे टाकलं आणि त्याची टोपी कोंबड्यांत जाऊन पडली. गोळी जागेवर, पाहुणा हवेत. मी हसून हसून पायरीवर बसलो.

"रेड्याला काडतुसाचे आकडे वाचता येत नाहीत," म्हणत हेस्टरने आपली जुनी, लहान काडतुसाची तीनशे पंचाहत्तरची रायफल त्याच्या हातात दिली. तिचा धक्का सोसवतो, आणि रेड्यालाही ती पुरून उरते. पहिल्याच बाराला डबा उडाला.

लोरेन्स माझ्याकडे वळला. "काका, एवढं काय हसायचं?"

"तुझी तर नुसती टोपी पडली," हेस्टर म्हणाली. "तीस वर्षांपूर्वी हे तुझ्याहून मोठी, पाचशेची रायफल घेऊन आले होते. त्याच रिकाम्या काडतुसाला उताणे पडले आणि पडल्यापडल्या मला लग्नाचं विचारलं. तेव्हासुद्धा डोळे मिटलेलेच होते."