अरिहंतनं जोडलेला पत्रा

अरिहंत म्हणजे पुखराज शेठचा पोरगा. ओतूरच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान, तीन पिढ्यांचं. पोरगं बत्तीस वर्सांचं, बी.कॉम. झालेलं, गादीवर बसून मीटरनं कापड फाडायचं. अन् त्याला काय सुचावं? घरामागं आजाची जुनी फियाट गंजत पडली व्हती, ती म्हणे सवताच्या हातानं उभी करायची. हसावं का रडावं, राव!

बापानं भर दुकानात गिऱ्हाइकांपुढं त्याची खरडपट्टी काढली. "आपल्या सात पिढ्यांत लोखंडाला कुणी हात लावला नाही. भंगारवाला व्हायचंय का तुला?" पण पोरगं चिवट. शेवटी शेठनं अट घातली. अरिहंतच्या आईनं, पानबाईनं, त्या साली वर्षीतप धरलं व्हतं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं सालभर. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसानं ते सोडायचं, त्याला पारणं म्हणतात. शेठ म्हणले, "पारण्याला तुझी आई या गाडीत बसून मंदिरात गेली अन् पत्रा तुझ्याच हातचा असला, तर दुकान सोड, खुशाल गॅरेज काढ. दुसऱ्याचा हात लागलेला कळला, तर मरेस्तोवर गादी." पोरानं हो म्हणलं.

पण घरी जाळ करायची सोय नव्हती. गाडीच्या दाराखालच्या पोकळ पट्टीत मुंग्यांनी घर केलेलं, अन् पानबाई म्हणली, "माझं तप चालू असताना दारात जीव जळायला नको." म्हणून गाडी टेम्पोत घालून वारूळवाडीला माझ्या शेडवर आली. मी भागू मिस्त्री, तीस वर्सं पत्र्याचं काम करतोय. ओतूरच्या एकानंबी त्याला काम करताना बघितलं न्हाई. बघणारा मी एकटा.

पहिले अकरा दिवस मुंग्यांतच गेले. हे बहाद्दर त्या पट्टीपासून कुंपणाच्या लिंबापर्यंत कणीक अन् गूळ सांडत बसायचं. मी म्हणलं, "गॅसचा टॉर्च पेटवून मार, दोन मिनिटांत खलास." नुसता हसायचा. बाराव्या दिवशी मुंग्या अंडी तोंडात धरून खरंच लिंबाखाली निघाल्या. मला मात्र त्याचा लई राग आला.

वेल्डिंग शिकवायला घेतलं, तर पहिल्या दिवशी मी त्याला डोळ्यांपुढं धरायची काळी काच दिलीच न्हाई. माझ्या वस्तादानं मला दिली नव्हती, मी कशाला देऊ? "नजर बसव शेठ, नजर!" म्हणलं. सांजच्याला त्याचे डोळे सुजून बंद. फोन आला, भाऊ, डोळ्यांत वाळू टोचतीय, काय करू? मी म्हणलं, बटाट्याच्या चकत्या ठेव. त्यांच्या जैनाच्या घरात बटाटा येत न्हाई, मला ठावं व्हतं की. फोन ठेवला अन् पोट धरून हसलो. तिसऱ्या दिवशी लालभडक डोळे घिऊन पठ्ठ्या हजर.

पातळ पत्रा लई वंगाळ चीज. जरा जास्त थांबलं की भोक, जरा घाई केली की टाका धरत न्हाई. अन् एका दमात शिवण घातली तर सगळा पत्रा पापडावानी फुगतो. एक टाका हितं, एक तिकडं, मधे गार होऊ द्यायचं, अशी त्याची रीत हाय. ही रीत मी त्याला सांगितली न्हाई. त्यानं तीन येळा गाडीचा तळ फुगवला, तीन येळा कापून काढला. मी चहा पीत बघायचो अन् म्हणायचो, "कापड फाडण्याइतकं सोपं न्हाई गड्या."

चौथ्या येळी त्याचं त्यालाच उमगलं. दुकानाच्या पायरीवर शिंपी बसतो, तो आधी लांब लांब कच्चे टाके घालतो अन् मग शिवण मारतो. तसंच यानं पत्र्याला केलं. तळ बसला तो असा बसला, की बोट फिरवलं तर जोड कुठं हाय ते कळंना. तिथनं पोरगं सुटलं. पट्ट्या, मडगार्ड, डिकी, सगळं त्याचं त्यानं केलं. मी एक टाका मारला न्हाई, खोटं कशाला बोलू?

त्यातच अवसरीचा हौशीराम पिकअप घिऊन आला. वीस वर्सांचं माझं गिऱ्हाईक. फियाटवर हात फिरवला, काम कुणाचं ते इचारलं अन् म्हणतो कसा, "भागू, माझ्या गाडीला तुझा नको, या शेठचा हात लाव." त्या दिवशी मला जेवण ग्वाड लागलं न्हाई.

आखितीला फियाट ओतूरच्या पेठेतून निघाली. अरिहंत चालवत व्हता, मागं पानबाई, काडीसारखी झालेली. मलाबी बोलावणं व्हतं. मंदिरापाशी सगळा समाज जमलेला. पानबाईला पाटावर बसवलं, बायका रसाचे पेले घिऊन उभ्या राहिल्या, अन् शेठ माझ्याकडं वळले. "भागूभाऊ, देवाच्या दारात आहात. खरं सांगा, पत्रा कुणी जोडला?"

अरिहंत माझ्याकडं बघून हसत व्हता. त्याला भ्याव नव्हतंच. त्याचं नाव घ्यायचं, एवढंच माझं काम. ओठावर आलं व्हतं. पण हौशीरामचं ते बोलणं आतून वर आलं.

"शेठ," मी म्हणलं, "पोरानं हातभार लावला."

"वाटलंच मला," शेठ म्हणले. अरिहंतनं तोंड उघडलं. तेवढ्यात पानबाईच्या ओठाला पेला लागला. वर्षाचं तप सुटताना वाद करायचा नसतो, आवाज चढवायचा नसतो. आईच्या त्या घोटासाठी पोरानं तोंड मिटलं. आई गटागटा पीत व्हती अन् हा तिच्या शेजारी पेल्याला हात लावून उभा व्हता.

दुपारी तो शेडवर आला. आता डोक्यात पाना घालतोय म्हणून मी हातोडी जवळ ओढली. तो दारातच थांबला. दोन्ही हात भाजल्याच्या डागांनी भरलेले.

"भागूभाऊ, एकच विचारतो. माझं काम इतकं वाईट होतं का? लोकांत माझी लाज जाऊ नये म्हणून तुम्ही आपल्यावर घेतलं का?"

अरं देवा! त्याला वाटलं, मी त्याची लाज झाकली. तीस वर्सांत माझ्या हातनं तशी शिवण झाली न्हाई, एवढं म्हणलो असतो तर पोरगं तसंच बापापुढं जाऊन उभं राहिलं असतं. अजून येळ गेली नव्हती.

"व्हय," मी म्हणलं. "लई वाईट व्हतं."

त्यानं मान हलवली. वाकून माझ्या पाया पडला, "उपकार झाले भाऊ," म्हणला, अन् दुकान उघडायची येळ झाली म्हणून ओतूरची यष्टी धरायला गेला.