एकशे दहाच्या पुढे

आमच्या बाबांचा धंदा खाज्याचा. बेसनाच्या तळलेल्या कांड्या आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या, की झालं मालवणी खाजं. जत्रांच्या दिवसांत देवगडाकडचा एक दुकानदार डोळे झाकून त्यांच्याकडूनच माल न्यायचा, कारण बाबांचा पाक उभ्या आयुष्यात बिघडला नव्हता.

मग बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि आता यांना पाक जमायचा नाही, असं लोक कुजबुजायला लागले. बाबा म्हणायचे, "पाक बघूचो कित्याक गो? तो बोलता. बुडबुडे जड वाजाक लागले की उतरूचो." मला ते पटेना. मी पडले हायस्कुलातली विज्ञानाची बाई. शाळेतला थर्मामीटर मी पर्समधून घरी आणला.

पाऱ्यानं शंभर गाठलं, पाक पातळच. एकशे पाच, एकशे दहा. नळीवरचे आकडे तिथंच संपत होते. "ती काचेची कांडी काढ गो," बाबा म्हणाले. "थांबा, अजून तार कुठे आलीय?" असं मी म्हणतेय तोच टक् आवाज झाला. काच आणि पारा दोन्ही पाकात.

पाण्यात काही विरघळलं की उकळीचं तापमान वाढतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. उदाहरण चिमूटभर मिठाचं, त्यानं फरक पडतो नावापुरता. इथं पाणी उडत जातं, गूळ मागे उरतो, पाक घट्ट होतो तसा पारा चढतच राहतो, नळीतली जागा संपली तरी. हे ऐन कढईसमोर मला सुचलं नाही. शिकवण्याची घमेंड, दुसरं काय!

बाबांनी कढई परसात नेऊन खड्ड्यात रिकामी केली. तेवढ्यात दुकानदार दारात. माल कुठाय म्हणाला.

"पाक जळलो माझ्या हातान," बाबा म्हणाले. "माका आता दिसना नाय."

"म्हणजे लोक सांगतत तां खरा," तो म्हणाला आणि रिकामे डबे घेऊन गेला. थर्मामीटरचा तुकडा मी ओढणीत लपवला होता. ती मी आणखी घट्ट गुंडाळून घेतली. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुढे बाबांचं ऑपरेशन झालं, त्यांना लख्ख दिसायला लागलं. दुकानदार काही परत आला नाही. परवा तो मला तळेऱ्याच्या स्टँडवर भेटला. "बाबांका दिसता मां आता?" त्यानं आपुलकीनं विचारलं. पाक मी घालवला होता, एवढंच तर सांगायचं होतं. मी "हो" म्हटलं आणि एसटीत चढले.