राजकालुवेला श्रद्धांजली

हसणार नसाल तरच सांगतो. आणि चहाचा घोट आधी गिळून घ्या, मागच्या वेळी एकाला ठसका लागला होता.

पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. बेळ्ळंदूरला भाड्याचा फ्लॅट. कन्नड म्हणाल तर 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्या भांडवलावर रिक्षा, भाजी, दूध सगळं निभावत होतं. एकदा रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी खाली जातो तर काय, बेसमेंटचं तळं झालेलं! माझी गाडी खिडकीपर्यंत पाण्यात, आणि कुणाची तरी चप्पल तरंगत तरंगत तिच्या बॉनेटवर येऊन बसलेली.

जिन्यात शंकरराव अण्णा उभे होते. तळमजल्यावरचे. यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरात, घरात मराठी, पण कन्नडात बुचकळून काढलेली.

"राजकालुवे होता तवर असं कधी झालं नाही बघा," अण्णा म्हणाले.

मी चमकलो. राज काळवे? अरे, हा तर आपला मराठी माणूस!

"कुठे असतात हे?"

"हितंच होता की. आपल्या कंपाउंडला लागून. पावसाचं पाणी सगळं एकटा सांभाळायचा."

एकटा! पाणी उपसायच्या पंपावरचा माणूस असणार. मला एकदम आदर वाटला. "मग आता?"

अण्णांनी शेजारच्या प्लॉटकडे बोट केलं. तिथे नवे टॉवर उठत होते. जमीन भराव टाकून आमच्यापेक्षा पुरुषभर उंच केलेली, गवताची काडी उगवायला जागा नाही इतकं काँक्रीट.

"त्या बिल्डरानं गाडला."

"गा... गाडला?"

"हां. वर माती टाकली, सिमेंट ओतलं. दिवसाढवळ्या."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"कोण बोलणार? मोठी माणसं ती. सरी, चला, आधी गाड्या बघू."

गाड्या बघू! इथे माणूस गाडलाय आणि यांना गाड्यांची पडलीय!

म्हटलं, आपल्या ऐकण्यात चूक होत असेल. म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरी मंजुळा अक्कांना गाठलं. त्यांच्याशी माझं हिंदीत चालायचं. "अक्का, वो राजकालुवे का... सच है?"

अक्कांनी खोल उसासा टाकला. "बहुत बुरा हुआ सर. पहले दोनों साइड से दबाया. थोड़ा-थोड़ा करके. फिर पूरा खतम."

थोडा-थोडा करके! मी इकडेतिकडे बघून विचारलं, "पुलिस?"

"पुलिस क्या करेगा? संडे को पालिका का इंजीनियर आएगा. जहाँ दबाया, वहाँ खोदेगा."

खुनाच्या तपासाला इंजिनियर? मी बायकोला विचारलं, तीही बुचकळ्यात पडली. शेवटी दोघांनी ठरवलं की कर्नाटकात पद्धत वेगळी असेल.

रविवारी क्लबहाउसमध्ये अख्खी सोसायटी जमली. पालिकेचे इंजिनियर आले, बिल्डरचा मॅनेजरही आला, पांढरे बूट घालून. इंजिनियरांनी नकाशा पसरला आणि एका निळ्या रेघेवरून बोट फिरवलं. "राजकालुवे यहाँ से... यहाँ तक था."

इथून तिथपर्यंत? देवा! तुकडे केले की काय?

एवढ्यात तो मॅनेजर गोड हसून म्हणाला, "सर, उसके बदले हम एक पाइप दे देंगे."

पाइप! माणसाच्या बदल्यात पाइप! मी ताडकन उठलो. मग जे तोंडाला आलं ते बोललो. हिंदीत सुरू केलं, रागाच्या भरात मराठीत घसरलो, मधे इंग्रजीही येऊन गेलं. "तो एकटा आपल्या सगळ्यांसाठी राबला! तो होता म्हणून आपण कोरडे होतो! त्याला जिवंत गाडलंत आणि पाइप दाखवता? लाज नाही वाटत? आधी सगळे उभे राहा. दोन मिनिटं शांतता!"

आणि काय आश्चर्य, सगळे उभे राहिले हो! मॅनेजरसुद्धा. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला.

शेजारी अण्णा होते. मी हळूच विचारलं, "वय काय होतं हो त्यांचं?"

"कुणाचं?"

"काळवेंचं."

"वय?" अण्णा विचारात पडले. "राजाच्या काळातला. दोन-तीनशे वर्षं तरी असंल."

मी झटकन मान वर केली. "अण्णा... तो माणूस नव्हता?"

"माणूस?" अण्णांनी एक डोळा उघडला. "ओ, नाला आहे तो! कालुवे म्हणजे कालवा. राजानं खोदलेला मोठा कालवा, पावसाचं पाणी तळ्यात न्यायचा. तुमी काय समजला?"

मी काय समजलो! समोर अख्खी सोसायटी माना खाली घालून एका नाल्याला श्रद्धांजली वाहत होती, आणि ती थांबवायची जबाबदारी माझी! किती वेळ झाला कुणास ठाऊक. मला 'धन्यवाद' म्हणायचं धाडसच होईना. शेवटी कुणीतरी खोकलं आणि लोक आपणहून बसले.

पुढचं ऐका. त्या शांततेनंतर मॅनेजरची नाही म्हणायची हिंमतच झाली नाही. भराव काढून नाला मोकळा करायचं त्याने कबूल केलं, आवारात पाणी मुरवायचे खड्डे घ्यायचंही कबूल केलं. अक्कांनी तिथल्या तिथे मला पाणी समितीचा अध्यक्ष केलं. टाळ्या काय, विचारू नका!

इंजिनियर तर भारावून गेले होते. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "सर, नाले को इंसान समझने वाला पहला आदमी देखा. आप काम क्या करते हैं?"

"सॉफ्टवेअर," मी पुटपुटलो.

"अच्छा! कौन सा?"

आता खोटं तरी काय बोलणार? मागे अण्णा उभे होते.

"भाषांतराचं. कन्नडमधून मराठीत."