पडायचा सराव

आमच्या घरात व्यायामाचे तीन पंथ आहेत. मी जिममध्ये वजनं उचलतो, बायको योगासनं करते आणि मुलगी धावते. जास्त कोण जगणार, यावर जेवताना वाद होतात. या वादात बाबांना कोणी धरायचं नाही. बाबा ब्याऐंशी वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून बोरीवलीच्या घरात एकटे. त्यांचा व्यायाम म्हणजे भाजी आणायला खाली उतरणं, असा आमचा समज.

गेल्या वर्षी मी ठरवलं, गणपती झाले की बाबांना मुलुंडला आमच्याकडे आणायचं. ते नको म्हणत होते. माझा मुद्दा एकच, आणि तो मी दरवेळी मोठ्या आवाजात मांडायचो: "बाबा, उद्या घरात पडलात तर उचलणार कोण?" त्यावर ते गप्प बसत. मला वाटायचं, जिंकलो.

गणपती बाबांकडेच असतो. आरती झाल्यावर सगळ्यांदेखत साष्टांग नमस्कार घालायची मला हौस. जिममध्ये वजनं उचलणारा माणूस मी, झोकात पालथा झालो. उठायला गेलो तर कमरेत अशी कळ आली की तिथेच राहिलो. नाक फरशीला, हात पुढे जोडलेले.

"बघा, केवढी श्रद्धा!" शेजारच्या काकू म्हणाल्या. "नाहीतर आमचा मुलगा. मोबाइल बघत नमस्कार करतो."

"श्रद्धा कसली काकू," बायको म्हणाली. "कंबर धरलीय त्याची."

मग ती आणि मुलगी मला काखेत धरून ओढायला लागल्या. मी असा ओरडलो की काकूंची श्रद्धेबद्दलची खात्री तिथेच संपली.

"सोडा त्याला," बाबांचा आवाज आला. माझ्या नाकासमोर आधी त्यांचे पाय दिसले, मग गुडघे, मग खुद्द बाबा. पायजमा सावरत ते माझ्या शेजारी फरशीवर आडवे झाले.

"बाबा, अहो!" बायको किंचाळली.

"माझ्याकडे बघ रे," ते मला म्हणाले. "घाई कित्याक? आधी कुशीवर वळ. श्वास घे. आता गुडघे पोटाशी. वरचा हात जमिनीवर टेक. आता रांगतं पोर हो." मी झालो. "एक पाऊल पुढे टाक. गुडघ्यावर हात. चल."

आम्ही बापलेक एकदमच उभे राहिलो. मी कण्हत, ते नुसते. भिंतीला हात नाही, खुर्चीला नाही.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोण शिकवतलो?" बाबा घाम पुसत म्हणाले. "तुझी आई गेली तेव्हा मनात आलं, मी पडलंय तर माका उचलूक कोण येतलो? म्हणून रोज सकाळी मुद्दाम आडवा होतो. दाराची कडी काढून ठेवतो, फोन जवळ जमिनीवर. एक दिवस या कुशीवर, एक दिवस त्या. कधी उताणा. उताणा कठीण. आणि उठतो."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी टेम्पो घेऊन आला असतास."

खरं होतं. ज्या प्रश्नाने मी त्यांना गप्प करत होतो, तो त्यांनी आई गेली तेव्हाच स्वतःला विचारला होता. आणि रोज सकाळी, रिकाम्या घरात, त्याचं उत्तर देत होते.

कंबर बरी नव्हती म्हणून त्या रात्री मी तिथेच राहिलो. सकाळी डोळे उघडले तर बाबा स्वयंपाकघराच्या दारात उताणे पडलेले. मी हललो नाही. ते बराच वेळ नुसते पडून राहिले, मला सोसेना एवढा वेळ. मग कुशीवर वळले. हात टेकला, गुडघा कटकन वाजला. आणि तो एवढासा म्हातारा माणूस फरशीवरून हळूहळू वर आला. इतकी वर्षं जिममध्ये आरशासमोर उभा राहतोय मी. असं काही पाहिलं नव्हतं. उभे राहिल्यावर त्यांनी केस सारखे केले आणि चहा टाकला.

"बाबा, इथेच राहा," मी अंथरुणातूनच म्हणालो.

"मग? मी खंय जातंय?"

मी अट मात्र घातली. रोज सराव झाल्यावर मला फोन करायचा. सव्वासहाला ते आडवे होतात. साडेसहाच्या आत फोन येतो. "उठलो," एवढंच म्हणतात आणि ठेवतात. तोवर मुलुंडला मला खाली बसवत नाही.