उडत्या म्हशीचा अध्याय

कारंजात बोभाटा झाला, की संघरत्न मेश्राम बिघडला. रोज दुपारी हायवेवरच्या ढाब्यावर बसतो. बसायचा खरा, पण चहावर. तो राक्षस-जादूच्या कादंबऱ्या लिहितो, स्वतःच छापतो आणि छापण्याआधी प्रत्येक अध्याय जेवायला थांबलेल्या ट्रकवाल्यांना वाचून दाखवतो. ऐकणाऱ्यांतला एक जरी उठला, की तो अध्याय कापायचा, हा त्याचा नियम.

उडत्या म्हशीचं मरण त्यानं जीव ओतून लिहिलं होतं. पुतणी मोनाली म्हणाली, "काका, म्हशीसाठी कोण बसून राह्यते? सारे उठतीन. लाव पैज!"

"हरली तं इथंच म्हशीवानी रेकजो."

संघरत्न वाचू लागला. म्हैस ढगातून कोसळली आणि नेमका बाहेर क्लीनरनं हॉर्न वाजवला. दर्यापूरचा दाढीवाला ड्रायव्हर उठला. मोनाली खुदकली. संघरत्ननं पान खोडायला पेन उघडलं.

ड्रायव्हर दारातूनच ओरडला, "चूप बस ना बे! इथं म्हैस मरून राह्यली!" आणि परत येऊन बाजेवर बसला. "हां भाऊ, मंग?"

संघरत्ननं पेन बंद केलं. म्हैस सुखानं मेली, आणि मोनाली भरल्या ढाब्यात अशी रेकली, की मागच्या गोठ्यातून उत्तर आलं.